पन्नास फूट

ओढ्याच्या दरडीला माकड पडलंय,
रवळूचा पोरगा फोनवर सांगतो,
पण आधी विचारतो, "मावशी, रिकामी हायस?"
रिकामी नाही. तव्यावर भाकरी आहे.
ती उलटते, गॅस बंद करते,
पिशवीत पावडरचा पुडा, हातमोजे, तेलाची बाटली
आणि तो फॉर्म, कन्नडमधला,
ज्याची अक्षरं मी छत्तिसाव्या वर्षी
मुलीच्या पहिलीच्या पुस्तकातून गिरवली.
ळ दोन्हीकडे आहे. तेवढं एक बरं.

काजू पिकायला लागलेत.
बायका रानात पातेरा गोळा करतात,
गोठ्यात अंथरायला, तरवा भाजायला.
पातेऱ्यात गोचिडीची पिल्लं, मोहरीहून बारीक.
मी दारोदार सांगते,
जाताना तेल लावा, आल्यावर कपडे उकळा.
लुमाण्णाची बायको म्हणते,
"उकळायला लाकडं कुठनं आणू? रानातनंच की."
माझ्या माहितीपत्रकात याचं उत्तर नाही.

लुमाण्णा गेल्या साली गेला.
डोळे लाल, हिरड्यांतून रक्त, बारा दिवस.
आधी अंगारा, मग खानापूर, मग बेळगाव,
शेवटी भावानं गाडी करून गोव्याला नेला.
त्याचं रक्त मात्र उलट्या दिशेला गेलं,
बर्फाच्या डब्यातून, लाल बसमध्ये
कंडक्टरच्या सीटखाली, शिमोग्याला.
रिपोर्ट तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आला.
नाव लक्ष्मण. वय बरोबर, गाव बरोबर.
मरण तिकडच्या आकड्यात लागलं.
माझ्या वहीत त्या महिन्यापुढे शून्य आहे,
हौसेनं कन्नडमध्ये काढलेलं, गोल.
कन्नडमध्ये शून्य खालून उघडलं की एक होतो.
शाईनं मिटलेलं उघडत नाही.

माकड पालथं आहे, शेपूट पाण्यात.
ओढ्याच्या अलीकडे आम्ही, पलीकडे चंदगड.
फॉरेस्टचा निंगप्पा काठीनं शेपटीकडे दाखवतो,
"अदु आ कडेदु री."
मी म्हणते, डोकं तर इकडं हाय.
तो हसत नाही. त्यालाही साहेब आहे.
मग त्याच्याच पाच फुटी काठीनं मोजते,
चहूबाजूंनी दहा दहा काठ्या.
नियम एवढाच: मेलेल्या माकडाभोवती पन्नास फूट.
नियमात ओढा नाही.
निम्मं रिंगण पाण्यापलीकडं जातं
आणि पुड्यावर शिक्का आहे, जिल्हा बेळगावी.

चांगुणाला फोन करते.
एकाच शाळेतल्या आम्ही; ती पलीकडे दिली,
तिकडं तीही हेच काम करते.
लेकीच्या स्कूटीवर येते, पदर खोचलेला, हात मोकळे.
"पावडर?"
"केस नाही म्हणून पावडर नाही."
"केस का नाही?"
"तपासायला पाठवलं तर असणार की. डबा नाही."
ओढ्याच्या मध्यावर उभ्या राहून
आम्ही दोघी जरा वेळ काहीच बोललो नाही.
मग मी साडी वर धरून पलीकडं गेले.

पांढरं रिंगण पुरं झालं तेव्हा पुडा संपला होता.
जळणाऱ्या ढिगाकडं निंगप्पानं पाठ केली.
फॉर्ममध्ये लिहिलं: पन्नास फूट, सर्व बाजू.
कुठल्या सर्व, ते विचारणारा रकाना नाही.

मग दगडावर बसून, तिच्या मोबाईलच्या उजेडात
एकमेकींच्या कानामागं, मानेवर,
कमरेच्या नाडीखाली बोटं फिरवत राहिलो.
"थांब, हलू नको," मी म्हटलं.
"काय गं? हाय?"
काळा ठिपका, उजव्या खांद्याखाली.
नख लावलं, हलला नाही.
तीळ.
शाळेच्या विहिरीवर पोहताना पाहिलेला.
"काही नाही," म्हटलं, "जुना आहे तुझा."
आणि पुढे शोधत राहिले.